गुणसूत्रावरचे दूध, वहीतले दूध
गोपालकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत गायींच्या जनुक-तपासणीबद्दल बरेच प्रश्न आहेत. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : आमच्याकडे बारा संकरित गायी आहेत. ‘फॅटचा जीन’ सापडला आहे, तो तपासला की कोणती गाय ठेवायची आणि कोणती विकायची ते कळते, असे गावात एकाने सांगितले. तपासणी करून घ्यावी का? (सिन्नर)

उत्तर : जीन सापडला आहे, एवढे खरे. त्याचे नाव डीजीएटी-वन. गायीच्या चौदाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ त्याची जागा आहे आणि चरबी घडण्याच्या शेवटच्या पायरीवर लागणारे एन्झाइम तो बनवतो. बेल्जियम आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की या एन्झाइमच्या साखळीत २३२व्या जागी लायसिन (प्रथिनाचा एक घटक) असेल तर दुधाची फॅट वाढते. मात्र त्याच वेळी दूध घटते. त्या जागी अ‍ॅलानिन असेल तर दूध वाढते आणि फॅट उतरते. म्हणजे यात चांगले रूप आणि वाईट रूप असा भेद करता येत नाही, एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

हिशेब करून पाहा. एक गाय १५ लिटर देते ३.२ फॅटने आणि दुसरी १२ लिटर देते ४.० फॅटने. दोघींच्या दुधातली चरबी रोजची साधारण ४८० ग्रॅमच आहे. आपल्याकडे गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याखाली कपात आणि वर वाढ. यांतली कोणती गाय परवडते ते तुमच्या डेअरीचा दरतक्ता आणि दोघींचा चारा-पेंडीचा खर्च ठरवतील. जनुकाच्या अहवालात ते लिहिलेले नसते.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. गीर, साहिवाल अशा आपल्या वशिंडाच्या गायींत जवळजवळ सगळीकडे लायसिनचेच रूप असते. होल्स्टिन या परदेशी जातीत दोन्ही रूपे आढळतात. त्यामुळे संकरित गायीत ही तपासणी बऱ्याच अंशी ‘देशी रक्त किती’ हेच सांगते, आणि ते गायीकडे पाहून तुम्हाला आधीच ठाऊक असते.

म्हणून या एका अहवालावर गाय विकू नका. फॅट एकाएकी उतरली असेल तर आधी गव्हाणीत पाहा. कोरडा चारा कमी आणि गोळी पेंड जास्त झाली, किंवा मुरघास फार बारीक कुटला गेला, की रवंथ घटतो आणि फॅट पडते. एसएनएफ पडत असेल तर गायीला ऊर्जा कमी पडते आहे का, आणि दगडी (कासेचा दाह) तर नाही ना, हे तपासा. हे सगळे ठीक करूनही महिन्यामागून महिना एकच गाय खाली राहिली, तर मग तिच्या वंशाचा विचार करायचा.

प्रश्न : मी कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. जनुकाची ‘जागा’ शोधतात म्हणजे नेमके काय करतात? दूध तर गुणसूत्रावर लिहिलेले दिसत नाही. (निफाड)

उत्तर : दिसत नाही, म्हणूनच खुणा धरून जावे लागते. गायीच्या गुणसूत्रांच्या तीस जोड्या असतात, त्यांतली एक लिंग ठरवणारी. या सगळ्यांवर मिळून डीएनएची सुमारे २७० कोटी अक्षरे आहेत. त्यांत जागोजाग अशी ठिकाणे आहेत जिथे एका जनावरात एक अक्षर असते आणि दुसऱ्यात वेगळे. हीच ठिकाणे खुणा म्हणून वापरतात आणि त्यांना मार्कर म्हणतात.

आता एकच वळू घ्या, ज्याच्या शेकडो मुली दुधात आहेत. एखाद्या मार्करवर त्याच्याकडे दोन वेगळी रूपे असतील, तर निम्म्या मुलींना एक रूप जाईल आणि निम्म्यांना दुसरे. मुलींचे त्यानुसार दोन गट करायचे आणि दोन्ही गटांच्या दुधाची सरासरी काढायची. सरासरीत ठोस फरक दिसला तर त्या मार्करच्या शेजारी दुधावर परिणाम करणारे काहीतरी आहे. शेजारी म्हणायचे कारण असे की गुणसूत्राच्या जवळच्या जागा पिढीमागून पिढी एकत्र जातात. दोन जागा शंभरातल्या एकाच वासरात फुटून वेगळ्या होत असतील, तर त्यांच्यातले अंतर एक सेंटिमॉर्गन, म्हणजे ढोबळमानाने दहा लाख अक्षरे. या मापाने काढलेला पहिल्या फळीचा गायीचा नकाशा १९९४ मध्ये छापला गेला.

मुलींऐवजी वळूचे मुलगे तपासण्याची युक्ती फार उपयोगी ठरली. प्रत्येक मुलग्याच्या शंभरभर मुलींचे दूध आधीच नोंदलेले असते. त्यामुळे तपासणी थोड्या वळूंची होते आणि माहिती हजारो गायींची मिळते. याच पद्धतीने १९९५ मध्ये १४ घराण्यांतले १,५१८ वळू १५९ मार्करवर तपासले गेले आणि पहिल्या, सहाव्या, नवव्या, दहाव्या व विसाव्या गुणसूत्रावर दुधाशी जोडलेल्या जागा मिळाल्या. पुढे सहाव्यावर एबीसीजी-टू आणि विसाव्यावर वाढ-संप्रेरकाच्या ग्राहकाचा जनुक असे नेमके दावेदार पुढे आले. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे जनुकही सहाव्यावरच आहेत.

इथे परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा लक्षात ठेवा. मार्कर म्हणजे जनुक नव्हे. एका वळूच्या घराण्यात मार्करचे ‘अ’ रूप चांगल्या जनुकाला चिकटलेले असते, तर दुसऱ्या घराण्यात तेच ‘अ’ रूप कमजोर जनुकाला. त्यामुळे एका घराण्यात खरा ठरलेला मार्कर शेजारच्या गोठ्यात उलटा निकाल देऊ शकतो. एकेका मार्करवर निवड करण्याचे सुरुवातीचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर इथेच अडले.

दुसरे असे कळत गेले की दुधाचे प्रमाण थोड्या मोठ्या जनुकांवर नव्हे, तर हजारो लहान जागांवर अवलंबून आहे. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या संशोधकांनी मांडले की ठळक जागा वेचत बसण्यापेक्षा सगळ्या मार्करचे लहान-लहान परिणाम एकदम मोजून त्यांची बेरीज करावी. सुमारे ५४ हजार मार्कर एका नमुन्यातून एकदम वाचणारी चिप हाती आली आणि हे शक्य झाले. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत होल्स्टिन आणि जर्सीसाठी अशी जनुकीय मूल्ये अधिकृतपणे द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी हिअरफर्ड जातीच्या एका गायीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

प्रश्न : आमच्या गटात चाळीस शेतकरी आणि दुधातल्या २२० गायी आहेत. संकलन केंद्राच्या तीन वर्षांच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. चिपवर तपासणी करून आमच्या गायींतले दुधाचे जनुक आम्हालाच शोधता येतील का? (येवला)

उत्तर : नाही. तुमच्या मेहनतीत काही कमी नाही, आकडेमोडच आड येते. पन्नास हजार मार्करना प्रत्येकी पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर निव्वळ योगायोगाने अडीच हजार मार्कर ‘दुधाचे’ निघतील. म्हणून कसोटी दहा लाखांत एक इतकी कडक ठेवतात. गायीगायींच्या दुधात जो फरक असतो त्यातला एक टक्का फरक घडवणारी जागा ही दुधाच्या बाबतीत मोठीच म्हणायची. ती या कसोटीवर पाचपैकी चार वेळा सापडावी असे वाटत असेल, तर सुमारे ३,३०० गायी लागतात. २२० गायींत कसोटी पार करायला एकट्या जागेने जवळजवळ अकरा टक्के फरक पेलावा लागेल, आणि दुधाच्या प्रमाणात तेवढी मोठी जागा मिळणे फार अवघड. इतक्या थोड्या गायींत काही चमकलेच, तर त्याचा आकडा फुगलेला असतो आणि पुढच्या कळपात तो टिकत नाही.

दुसरा खड्डा संकरातच आहे. ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडे हिरवा चारा, आणि त्याच्याचकडे ७५ टक्के होल्स्टिन रक्ताच्या गायी. कोरडवाहू शेतकऱ्याकडे देशी रक्त जास्त. अशा गटात होल्स्टिनकडून आलेला कोणताही मार्कर दुधाशी जोडलेला दिसेल, मग त्याचा दुधाशी काडीचा संबंध नसला तरी. म्हणून विश्लेषणात गोठा, वेत, विण्याचा हंगाम आणि परदेशी रक्ताचे प्रमाण हे सगळे धरावेच लागते.

पावत्यांचे म्हणाल, तर त्या पैशाच्या हिशेबाला चांगल्या, वंशाच्या हिशेबाला निरुपयोगी. केंद्रावर पोचते ते गोठ्यातल्या सगळ्या गायींचे मिसळलेले दूध, तेही घरचा चहा, वासराचा वाटा आणि रतीब वजा जाऊन.

तुमच्या २२० गायींची किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. जनुकीय मूल्य काढायला संदर्भाचा मोठा कळप लागतो, ज्यात जनुके आणि दूध दोन्ही माहीत आहेत. आपल्याकडे तुटवडा चिपचा नाही, नीट नोंदलेल्या दुधाचा आहे. चाळीस गोठ्यांत दोन वर्षे धड नोंद झाली, तर त्या गायी हजारोंच्या मोजणीत सामील होण्याच्या लायकीच्या होतात, आणि तोवर तुमच्या स्वतःच्या निवडीलाही तीच नोंद उपयोगी पडते.

नोंद अशी ठेवा. गाय व्याल्यावर पाचव्या दिवसापासून, चीक संपला की सुरुवात. महिन्यातून एक दिवस ठरवून सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा मोजायच्या. आदल्या संध्याकाळी सगळ्या गायी पूर्ण पिळलेल्या हव्यात, नाहीतर आकडा फुगतो. माप लिटरने न घेता टांगत्या काट्यावर किलोने घ्या, कारण फेसामुळे लिटरचे माप चुकते. एक लिटर म्हणजे सुमारे १.०३ किलो. फॅटचा नमुना पूर्ण धार काढून, दूध एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून ढवळल्यावरच घ्यायचा. पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्के असते, शेवटच्या धारेत ती कित्येक पटींनी चढते. नुसत्या वरच्या दुधाचा नमुना म्हणजे हमखास चूक. सकाळी ८ किलो आणि संध्याकाळी ६ किलो असेल तर नमुनाही ४० आणि ३० मिलिलिटर अशा प्रमाणात मिसळा.

दोन नोंदींमधले दूध असे काढतात : ३ मार्चला १४ किलो, २ एप्रिलला १२ किलो, सरासरी १३, दिवस ३०, म्हणून ३९० किलो. अशी बेरीज ३०५ दिवसांपर्यंत न्यायची. पान्हा सोडायला वासरू लावत असाल तर दर वेळी सारखेच लावा आणि वहीत तसे लिहा. गाय आजारी असेल, माजावर असेल, नुकतीच लस टोचली असेल, तरी तो दिवस गाळू नका. शेजारी शेरा लिहा.

प्रत्येक ओळीत कानातल्या बिल्ल्याचे बाराही आकडे असू द्या. ‘तांबडी’, ‘चांदी’ ही नावे घरात शोभतात, पण गाय विकली गेली की नोंद हरवते. रेतन केल्यावर वीर्याची रिकामी कांडी फेकण्याआधी तिच्यावरचा वळूचा क्रमांक उतरवून घ्या. बाप कोण हे चुकले, तर पुढची सगळी मोजणी चुकीच्या घराण्याच्या नावावर जमा होते.

प्रश्न : वळूच्या जाहिरातीत ‘आईचे दूध ६,००० किलो’ असे छापतात. कांडी घेताना एवढे पाहून चालेल का? (निफाड)

उत्तर : चालणार नाही. वेताच्या दुधाची आनुवंशिकता (गायीगायींतल्या फरकात वंशाचा वाटा) साधारण ०.२५ धरली, तर आईच्या एका वेताच्या आकड्यावरून मुलाच्या गुणाबद्दल मिळणारी खात्री शंभरात जेमतेम सहा. तो आकडा बहुधा तिच्या सर्वांत चांगल्या वेताचा असतो, आणि त्या गोठ्यातला खुराकही त्यात मिसळलेला असतो.

विचारायचे ते हे : या वळूच्या किती मुलींचे दूध मोजले, आणि त्या किती गोठ्यांत होत्या? खात्रीचे गणित सोपे आहे. मुलींची संख्या भागिले (मुलींची संख्या अधिक १५). पंधरा मुली असतील तर ५० टक्के, साठ असतील तर ८० टक्के. गाभण राहण्यासारख्या गुणाची आनुवंशिकता ०.०४ च्या आसपास असते, तिथे पंधराच्या जागी ९९ येतात, म्हणजे शंभर मुलींनंतरही निम्मीच खात्री. साठही मुली एकाच गोठ्यातल्या असतील तर हे गणित फसते, कारण मग वळूचा गुण आणि मालकाची पेंड वेगळी करता येत नाही.

नुसते जनुकीय मूल्य दिलेले असेल, तर ते कोणत्या जातीच्या आणि कोणत्या देशातल्या कळपावर काढले ते विचारा. थंड प्रदेशातल्या शुद्ध होल्स्टिनवर बेतलेली मोजणी एप्रिलमधल्या निफाडच्या गोठ्यात, संकरित गायीवर, तशीच्या तशी उतरत नाही. होल्स्टिन किंवा तिच्या संकराचा वळू असेल तर ब्लाड, सिट्रुलिनेमिया, फॅक्टर-इलेव्हन आणि डम्प्स या आनुवंशिक दोषांची तपासणी झालेली हवी. इथे एकेका जनुकाची तपासणी खरोखर निर्णायक असते, कारण हे दोष एकाच जागेमुळे होतात.

प्रश्न : आमच्या डांगी गायी आहेत. त्यांच्यासाठी चिप चालते का? दूध वाढवायला होल्स्टिनची कांडी भरावी का? (इगतपुरी)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात डांगी टिकते ती तिच्या तेलकट कातडीमुळे आणि काळ्या टणक खुरांमुळे. भातखाचराच्या चिखलात कामाला येणारी ही जात आहे. तिथे होल्स्टिन रक्त घातले की दूध वाढेल, पण खूर, गोचीड आणि ओलाव्याचे आजारही वाढतील, आणि शुद्ध डांगीचे एक वेत कायमचे गेले. आमचे मत स्पष्ट आहे : कालवडींसाठी डांगीच वळू वापरा. घोटीच्या बाजारात वळू निवडताना रंग आणि वशिंडाबरोबर त्याच्या आईचे मोजलेले दूध विचारायची सवय लावा.

चिपबद्दल सांगायचे तर जुन्या ५४ हजारी चिपवरचे मार्कर मुख्यतः युरोपीय जाती पाहून निवडलेले आहेत. त्यातल्या पुष्कळ जागी आपल्या गायींत फरकच सापडत नाही, म्हणजे ते मार्कर मुके राहतात. आपल्या जातींचा विचार करून तयार केलेली ‘गौचिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे देशाला अर्पण झाली, म्हशींसाठी ‘महिषचिप’ही त्याच वेळी. डांगीत तिचा आजचा उपयोग शुद्धता, बापाची ओळख आणि जवळच्या नात्यातले रेतन टाळणे यासाठी आहे. दुधाच्या जागा शोधायला डांगी गायींचे मोजलेले दूध हजारोंच्या संख्येने लागेल, आणि त्याची सुरुवात गोठ्यातूनच व्हायची आहे.

प्रश्न : ए-टू गाय जास्त दूध देते का? (नाशिक शहर)

उत्तर : नाही. ए-वन आणि ए-टू हा बीटा केसिन या प्रथिनाच्या ६७व्या जागेवरचा फरक आहे : ए-टूमध्ये प्रोलिन, ए-वनमध्ये हिस्टिडिन. दुधाच्या प्रमाणाचे किंवा फॅटचे ते माप नव्हे.

प्रश्न : मी कृत्रिम रेतनाचे काम करतो. तपासणीसाठी पाठवलेले केसांचे नमुने प्रयोगशाळेने बाद केले. काय चुकले असेल? (चांदवड)

उत्तर : बहुधा केस कापले गेले किंवा मध्येच तुटले. लागतो तो मुळाशी असलेला पांढरा गोळा, केसाच्या दांडीत उपयोगाचे फारसे काही नसते. शेपटीचा गोंडा आधी धुऊन पूर्ण कोरडा करा. पाच-सहा केस कातडीजवळ बोटाला गुंडाळून एका झटक्यात उपटा. असे २५ ते ३० केस घ्या, लहान वासराचे ५०, कारण त्यांची मुळे बारीक असतात. मुळे दिसतात की नाही ते उजेडात पाहूनच केस पाकिटात घाला. पाकीट कागदी हवे, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. केस उपटण्याआधी पाकिटावर बिल्ल्याचा क्रमांक लिहा आणि दोन गायींच्या मध्ये हात पुसा. पाकीट थुंकी लावून चिकटवू नका.

रक्त पाठवायचे असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी (यात रक्त गोठत नाही), पाच मिलिलिटर, आणि आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट. नळी जोरात हलवू नका. हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पुढच्या रासायनिक प्रक्रियेत अडथळा आणते. नमुना शीतपेटीत ठेवा, पण थेट बर्फाला लावू नका. नव्वद टक्क्यांहून कमी मार्कर वाचता आले तर बहुतेक ठिकाणी नमुना बादच धरतात.

प्रश्न : चांगल्या गायीला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवडीची जनुक-तपासणी करून ती वाढवायची आहे. (दिंडोरी)

उत्तर : आधी ती गाभण राहू शकेल का ते पाहा. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात, कारण गर्भात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडून आलेल्या संप्रेरकांमुळे तिचे जननेंद्रिय नीट घडत नाही. पहिल्या महिन्यात पशुवैद्यकाकडून योनीची लांबी बोथट नळीने मोजून घ्या. धड कालवडीत नळी १२ ते १५ सेंटिमीटर आत जाते, वांझ असेल तर ५ ते ८ सेंटिमीटरवर अडते. हे काम अनुभवी हातानेच व्हावे, जोर लावला तर इजा होते.

खात्रीसाठी रक्तात नराचे वाय गुणसूत्र शोधतात, आणि त्यासाठी रक्ताचाच नमुना लागतो. दुधाच्या जनुकांची तपासणी करायची असेल तेव्हा मात्र याच कालवडीचे रक्त चालत नाही, कारण त्यात भावाच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि अहवाल दोघांचा मिळून येतो. त्यासाठी केसांची मुळे पाठवा आणि पाकिटावर ‘जुळ्यातली, सोबत गोऱ्हा’ असे ठळक लिहा.